मंगळवार, दहा ते अकरा

ईलोना गेली त्या दिवशी अख्ख्या गावात ही बातमी सगळ्यांत शेवटी कळली ती तिच्या नवऱ्याला.

गेबहार्ड मुक्सेल तेव्हा वर डोंगरावर होता. मार्चचा पहिला आठवडा, ऊन लख्ख पडलेलं. त्याच्याबरोबर ब्रुकहाउझेन होते. जर्मनीतले मोठे कारखानदार, बावीस वर्षं दर हिवाळ्यात दोनदा येणारे, आणि गेबहार्ड सोडून स्की शाळेतल्या दुसऱ्या कुणा मास्तराबरोबर स्की पायात न घालणारे. उताराच्या मध्यावर दोघं दम खायला थांबले होते, तेवढ्यात खालून चर्चची लहान घंटा ऐकू आली. थोडी वाजली, थांबली, परत वाजली.

ब्रुकहाउझेननी विचारलं, "ही कसली? अजून बारा वाजायचेत."

"कुणीतरी गेलं," गेबहार्ड म्हणाला. "बाई आहे."

"इथून कसं कळलं तुला?"

"पुरुष असला तर तीनदा वाजते, बाई असली तर दोनदा." मग त्याने गुडघ्यावरचा बर्फ झटकला आणि म्हणाला, "टानेनहोफवाल्यांची आजी असणार. चौऱ्याण्णवची आहे. सुटली बिचारी."

आणि दोघं पुढे निघाले. पुढे कित्येक दिवस गेबहार्डने ही सकाळ मनात उलटीपालटी करून पाहिली. दर वेळी त्याला हेच आठवायचं, की घंटा थांबल्यावर त्याने घेतलेली वळणं फार सुंदर झाली होती, आणि ब्रुकहाउझेननी मागून तशी दाद दिली होती.

खाली लिफ्टपाशी योडोक उभा होता. योडोक डोंगरावर नेणारी खुर्च्यांची लिफ्ट चालवतो, आणि त्याला टोपीशिवाय कुणी पाहिलेलं नाही. आज टोपी त्याच्या हातात होती. गेबहार्ड आधी त्याच्या टकलाकडेच बघत राहिला.

"वेरेनाला फोन कर," योडोक म्हणाला.

वेरेना म्हणजे गेबहार्डची मुलगी. ती आईजवळ, खाली शहरातल्या इस्पितळात होती. योडोकने आणखी काही सांगायची गरज उरली नव्हती.

झालं होतं असं. शिकवताना मास्तरांनी फोन बंद ठेवायचा असतो. वेरेनाने बापाला पाच वेळा फोन केला, मग स्की शाळेत केला. शाळेची नोंदणी सांभाळणारी रोझविथा ही ईलोनाची तीस वर्षांची मैत्रीण. तिने योडोकला कळवलं आणि रडत रडतच भावाला सांगितलं. भाऊ चर्चचा घंटेकरी. त्याला वाटलं गेबहार्डला कळलं असेल, आणि गेलेल्याची घंटा दुपार व्हायच्या आत वाजवायची असते, म्हणून त्याने दोरी ओढली. कुणाचंच चुकलं नव्हतं.

ब्रुकहाउझेन दोघांच्याही स्की हातात धरून जरा लांब उभे राहिले. त्यांना काय करावं कळेना. आणि गेबहार्ड फोन काढून हातमोजे दातांनी ओढत होता, तर मोजे निघत नव्हते.

तो इस्पितळात का नव्हता, असं बाहेरच्या कुणीही विचारलं असतं. गावात कुणी विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले होते अजून चार-सहा आठवडे आहेत, आणि ईलोनानेच त्याला परत पाठवलं होतं. "हंगाम आहे," ती म्हणाली होती. "इथे बसून माझ्याकडे किती बघशील? संध्याकाळी ये." तो संध्याकाळी जाणारच होता.

त्या गावात सगळं हंगामानंतर होतं. डिसेंबर ते एप्रिल तिथे दुखणं, भांडण, लग्न, घराचं छप्पर, काही निघत नाही. दात दुखला तर लवंग दाबून धरायची आणि म्हणायचं, हंगाम संपू दे. गुडघ्याची शस्त्रक्रिया मे महिन्यात. नवराबायकोचं बिनसलं तरी वकिलाकडे जायचं ते मे महिन्यात, आणि तोवर कितीदा तरी ते मिटूनही जातं. चार-पाच महिन्यांत वर्षाची भाकरी कमवायची असते, त्यामुळे ही सवय सगळ्यांच्या हाडात बसली आहे.

ईलोना बाहेरची असूनही ती सवय तिने गावापेक्षा पक्की उचलली होती. ती सपाट मुलखातली, देशाच्या पूर्वेच्या टोकाची. तिच्या माहेरी तळं, बोरू आणि द्राक्षमळे. बाविसाव्या वर्षी ती इथल्या मोठ्या हॉटेलात एका हिवाळ्यापुरती धुलाईकामाला आली आणि तेहतीस वर्षं राहिली. पुढे हॉटेलच्या सगळ्या खोल्यांची देखरेख तिच्याकडे आली. ख्रिसमसच्या सुमारास तिचं पोट दुखायला लागलं. कपडे सैल झाले. गेबहार्डने विचारलं, डॉक्टरकडे जायचं का. ती म्हणाली, "आत्ता? घर भरलंय." घर म्हणजे हॉटेल. गेबहार्ड म्हणाला, यंदा ईस्टर लवकर आहे, बघता बघता हंगाम संपेल. हे तो म्हणाला होता. जानेवारीच्या शेवटी ती चादरी बदलताना खाली बसली आणि उठली नाही, तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेलं.

पुरलं तिला सकाळी आठ वाजता. हंगामात अंत्यविधी आठलाच होतात, कारण दहाला पाहुण्यांचे धडे सुरू होतात. मास्तर लोक शाळेच्या लाल जाकिटांतच आले. सहा जणांनी पेटी उचलली. हॉटेलच्या मुली कामाच्या पांढऱ्या झग्यावर कोट चढवून आल्या होत्या. ब्रुकहाउझेनही आले होते. डोंगरावर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात आणि गावात उतरलं की परत अहो-जाहो, असा तिथला रिवाज. ब्रुकहाउझेन रिवाजाला फार जपणारे. पण कबरीपाशी त्यांनी गेबहार्डचा हात धरला आणि म्हणाले, "तू सांभाळ." एवढंच. पावणेदहाला कबरस्तान रिकामं झालं.

दहा दिवस गेबहार्ड घरी बसला. वेरेनाने आईचे कपडे काढायला घेतले तर म्हणाला, राहू दे, हंगामानंतर बघू.  अकराव्या दिवशी तो कामावर गेला. घरात करायचं काय?

स्की शाळेत एका भिंतीवर मोठा फळा आहे. वर मास्तरांची नावं, खाली वारांचे रकाने, आणि त्यांत पाहुण्यांच्या चिठ्ठ्या टाचणीने लावलेल्या. चिठ्ठीवर पाहुण्याचं नाव, स्की किती येतं, बुटाचा नंबर, आणि काही सांगायचं असलं तर तळाशी दोन ओळी. ईस्टर झाला, पाहुणे पांगले, आणि हंगामाच्या शेवटच्या आठवड्याचा फळा शनिवारी लागला. गेबहार्ड आपला रकाना बघायला गेला. सोमवारी ब्रुकहाउझेन. मंगळवारी दहा ते अकरा कुणी मिलकोवित्स बाई. अकरानंतर परत ब्रुकहाउझेन.

त्याने चिठ्ठी वाचली आणि टाचणी काढून ती हातात घेतली.

नाव, ई. मिलकोवित्स. स्की किती येतं: काही नाही. बुटाचा नंबर: अडतीस. तळाशी निळ्या शाईत, नीट जोडून काढलेल्या अक्षरांत: "घाबरते. मास्तर ओरडणारा नसावा. गेबहार्ड मुक्सेलच हवा."

मिलकोवित्स हे ईलोनाचं माहेरचं नाव.

रोझविथा टेबलामागे बसून त्याच्याकडेच बघत होती. तिने सांगितलं ते असं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ईलोना आली होती, कोटावर बर्फ, हसत. म्हणाली, तेहतीस वर्षं झाली, फुकटात शिकवायला ह्याला सवड नाही, आता पाहुणी म्हणूनच येते. बघू या पाहुणीवर ओरडतो का. शेवटच्या आठवड्यातला वार तिने मुद्दाम निवडला, तेव्हा हॉटेलात काम कमी असतं. गेबहार्डला सांगू नको म्हणाली. त्याने फळ्यावरच बघायला हवं, त्याचं तोंड कसं होतं ते तू मला सांग.

"मग इस्पितळात मी तिला विचारलं," रोझविथा म्हणाली. "म्हटलं, ईलोना, ती चिठ्ठी काढून टाकू का? तर म्हणाली, राहू दे. बघेल तेव्हा बघेल."

गेबहार्डने विचारलं, "अडतीस?"

"काय अडतीस?"

"तिचा पाय सदतीसचा आहे."

"अडतीसचा रे," रोझविथा म्हणाली. "पहिल्यापासून. तू दर ख्रिसमसला सदतीसच्या सपाता आणायचास आणि ती टाचा बाहेर ठेवून घालायची."

त्या दोघांचा पहिला हिवाळा होता तेव्हाची गोष्ट. गेबहार्ड जेवणाच्या सुट्टीत ईलोनाला नवशिक्यांच्या उतारावर घेऊन गेला होता. तिला कुणाच्या तरी उसन्या लाल स्की दिल्या. स्कींची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवायची, ह्याला नांगर म्हणतात, तिथूनच सगळ्यांची सुरुवात. ईलोनाचा नांगर काही होईना. टोकं एकमेकांवर चढायची. गेबहार्ड खालून ओरडत होता, गुडघे वाक, गुडघे, आणि ती उताराच्या मधोमध खाली बसली आणि म्हणाली, "आमच्याकडे नांगराला घोडा जुंपतात." दोघं हसले. पंधरा मिनिटं झाली नसतील, तोच शाळेतून निरोप आला, पाहुणे खोळंबलेत. तो म्हणाला, स्की काढ आणि चालत ये खाली, हंगाम संपल्यावर तुला नीट शिकवतो.

हंगाम संपल्यावर लिफ्ट बंद होते. बर्फ वितळतो. उतारावर आधी चिखल होतो, मग गवत उगवतं आणि गाई चढतात. हे त्याला बोलताना सुचलं नव्हतं, आणि त्या गावात जन्मलेल्या कुणालाही सुचलं नसतं. ईलोनाने मात्र ते धरून ठेवलं. दर हिवाळ्यात एकदा तरी ती म्हणायची, "यंदा शिकवणार का? की गाईंबरोबर?" तो म्हणायचा, हंगाम संपू दे. मग ती पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर म्हणायची, राजघराण्यातल्या लोकांना हा हात धरून शिकवतो, आणि आमच्या घरी दिव्याखाली अंधार. सगळे हसायचे. गेबहार्डही हसायचा. तेहतीस वर्षं त्याला वाटत आलं, की ही थट्टा आहे.

शाळेचा मुख्य एल्मार. माणूस वाईट नव्हता, पण वर्षभर डोक्यात फळाच. सोमवारी संध्याकाळी त्याने गेबहार्डला गाठलं. ब्रुकहाउझेनना मंगळवारी सकाळी लवकर वर जायचंय, मागच्या हिमनदीवरून, त्यांना अख्खा दिवस हवा आहे. ती एका तासाची नवशिकी बाई दुसऱ्या कुणालाही देता येईल. नवशिक्यांना कोण शिकवतं ह्याने काय फरक पडतो?

"तिने माझं नाव लिहिलंय," गेबहार्ड म्हणाला.

एल्मार म्हणाला, नाव काय सगळेच लिहितात, मी बोलतो तिच्याशी, कुठल्या हॉटेलात उतरलीय? रोझविथाने टेबलावरून मान वर केली आणि म्हणाली, "एल्मार, घरी जा." असं ती मुख्याशी कधी बोलली नव्हती. एल्मारने तिच्याकडे पाहिलं, गेबहार्डकडे पाहिलं, फळ्यावरची चिठ्ठी वाचली. त्याला कळलं की नाही कुणास ठाऊक, पण तो घरी गेला.

ब्रुकहाउझेनना गेबहार्डने स्वतःच सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचं म्हणून ते हॉटेलच्या तळघरात बूट तापायला ठेवत होते.

"उद्या दहाला माझ्याकडे दुसऱ्या पाहुण्या आहेत," गेबहार्ड म्हणाला.

"दुसऱ्या?" ब्रुकहाउझेन म्हणाले. "बावीस वर्षांनी घात केलात, मुक्सेल. कोण आहेत? सुंदर असणार."

"नवशिक्या आहेत."

"नवशिक्या! ह्या चिखलात? आणि तुम्ही मला सोडून त्यांना नांगर शिकवणार?"

"त्यांनी फार आधी सांगून ठेवलंय," गेबहार्ड म्हणाला. "माझ्याच्याने आधी जमलं नाही."

ब्रुकहाउझेननी हातातले बूट खाली ठेवले. मग म्हणाले, बरं, मग उद्या अकरापर्यंत मी पुस्तक वाचीन. 

मंगळवारी सकाळी गेबहार्डने तळघरातून त्या लाल स्की काढल्या. उसन्या होत्या, पण परत न्यायला कुणी कधी आलं नव्हतं. लांब, सरळ, जुन्या चालीच्या. आजच्या नवशिक्याला अशा कुणी देत नाही. त्याने त्या परत ठेवल्या आणि शाळेच्या भाड्याच्या दुकानात गेला. नवशिक्यांच्या आखूड स्की घेतल्या, बूट अडतीसचे घेतले, बुटांची पकड नवशिक्यासाठी ठेवतात तशी ढिली करायला सांगितली. पकड वजनाप्रमाणे लावतात, म्हणून दुकानातल्या माणसाने सवयीने विचारलं, वजन किती पाहुणीचं?  ख्रिसमसचं सांगायचं की मार्चचं?

"पासष्ट," तो म्हणाला. ते ख्रिसमसच्याही आधीचं होतं.

नवशिक्यांच्या उताराखाली एक पिवळा खांब आहे. पाहुणे आणि मास्तर तिथे भेटतात. दहाला पाच कमी असताना गेबहार्ड तिथे उभा राहिला, लाल जाकीट गळ्यापर्यंत बंद करून, बाजूला आखूड स्की बर्फात रोवून, बूट त्यांच्यापुढे जोडीने ठेवून. बर्फ वाईट होता, साखरेसारखा सुटा, कडेला माती दिसत होती. मुलं नव्हती. उताराच्या कडेने वर नेणारा पट्टा बंद होता. त्या दिवशी पट्ट्यावर योडोकच होता.

"कुणी यायचंय का?" योडोकने विचारलं. "नाहीतर बंदच ठेवतो."

"चालू कर," गेबहार्ड म्हणाला.

योडोकने बटण दाबलं. रिकामा पट्टा घरघरत वर जाऊ लागला. चर्चच्या मोठ्या घंटेने दहाचे ठोके दिले. गेबहार्ड पाहुण्यांची वाट बघताना उभा राहायचा तसाच उभा होता, काठ्या एका हातात, दुसरा हात मोकळा. सव्वादहा झाले. उशीर करणारे पाहुणे पुष्कळ असतात. मास्तराने वीस मिनिटं थांबायचं असतं, मग निघून गेलं तरी चालतं.

वीस मिनिटं झाली. गेबहार्ड पट्ट्यावर चढला आणि वर गेला.

नवशिक्याला पहिल्यांदा उतरवताना मास्तर त्याच्या पुढे उलटा उतरतो. तोंड वर, पाहुण्याकडे, पाठ दरीकडे, दोन्ही हात पुढे. पाहुण्याने हातांना धरायचं आणि पायांकडे न बघता मास्तराच्या तोंडाकडे बघायचं. चौतीस हिवाळे गेबहार्डने हे केलं होतं. त्याच्या पायांना उतार न बघताच कळायचा. तो वर पोचला, वळला, पाठ दरीकडे केली आणि हात पुढे केले. पाय आपोआप नांगरात गेले. तीन-चार हात खाली सरकला असेल. तोंडात शब्द आले होते, तेच रोजचे: पायांकडे नको, माझ्याकडे बघ.

समोर उतार होता, आणि त्यावर त्याच्याच स्कींच्या दोन रेघा. तो थांबला. ते शब्द त्याने म्हटले नाहीत. मग तो वळला आणि सरळ खाली आला.

खाली पट्टा चालूच होता. योडोक दुसरीकडे बघत होता, टोपी डोक्यावर घट्ट. अकराचे ठोके पडेपर्यंत गेबहार्ड पिवळ्या खांबापाशी थांबला. मग म्हणाला, "बंद कर." बूट आणि स्की उचलून दुकानात परत दिल्या. मग ब्रुकहाउझेन ठरल्याप्रमाणे आले, आणि दोघं वर गेले. त्या दिवशी ब्रुकहाउझेन फार बोलले नाहीत आणि गेबहार्ड त्यांच्या दोनदा पुढे निघून गेला, ही चूक त्याने कधी केली नव्हती.

रविवारी हंगाम संपला. लिफ्टच्या खुर्च्या उतरवायला घेतल्या, हॉटेलच्या खिडक्यांना फळ्या लागल्या, गावातली माणसं एकमेकांना दातांच्या डॉक्टरचे वार विचारू लागली. वेरेना आली आणि दोघांनी मिळून ईलोनाचे कपडे काढले. सपाताही काढल्या. त्यांच्या मागच्या कडा टाचांनी दाबून चपट्या झाल्या होत्या.

हंगाम संपला की प्रत्येक मास्तराने आपल्या चिठ्ठ्या शाळेत परत द्यायच्या असतात. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे दोन चौकटी असतात, धडा झाला आणि पाहुणा आला नाही. त्यांपैकी एकीत खूण करून खाली सही करायची. गेबहार्डने सगळ्या चिठ्ठ्या दिल्या, एक सोडून. रोझविथाने मोजल्या नाहीत.

ती चिठ्ठी स्वयंपाकघरात, खिडकीच्या फळीवर आहे. पाहुणा आला नाही, ह्या चौकटीत त्याला खूण करवत नाही, कारण वाट तर तिनेच बघितली. दुसरी चौकट खोटी होईल. दोन्ही कोऱ्या आहेत.

मे महिना लागला. समोरच्या उतारावर गवत उगवलंय, गाई पुढच्या आठवड्यात चढतील. ईलोनाला स्की शिकवायचं राहिलं आहे.